विद्यापीठांतली प्रदेश-अभ्यास केंद्रे नेमके काय करतात?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाने फ्रेंच, जर्मन, इटालियन, केल्टिक, अरबी व इस्लाम आणि धर्माभ्यास हे पदवी अभ्यासक्रम बंद करणार असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने, जगाच्या निरनिराळ्या प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय केंद्रांना साठाहून अधिक वर्षे मिळत आलेले अनुदान थांबवले. अशा बातम्या आपल्याकडे एखाद्या कोपऱ्यात छापून येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच एक प्रश्न उरतो. विद्यापीठात इतिहासाचा विभाग असतो, अर्थशास्त्राचा असतो, भाषांचे असतात. मग ‘आफ्रिका अभ्यास केंद्र’ किंवा ‘दक्षिण आशिया संस्था’ हे वेगळे प्रकरण कशासाठी चालवायचे, आणि ते बंद झाले तर नेमके काय बिघडते? हा प्रश्न रास्त आहे. या केंद्रांत काम करणाऱ्यांनी त्याचे उत्तर सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत फारसे दिलेले नाही, म्हणून तो इथे मुळापासून घेतो.

## विभाग विषयाचा, केंद्र प्रदेशाचे

विद्यापीठाची नेहमीची रचना विषयवार असते. अर्थशास्त्राच्या विभागातला माणूस बाजार, वेतन आणि व्यापार यांचा अभ्यास करतो, मग तो बाजार जगात कुठेही असो. प्रदेश-अभ्यास केंद्राची रचना याच्या उलट असते. तिथे प्रदेश एकच ठरलेला असतो, उदाहरणार्थ आग्नेय आशिया किंवा पश्चिम आफ्रिका, आणि त्या प्रदेशाकडे इतिहास, अर्थव्यवस्था, भाषा, धर्म, शेती, संगीत, कायदा अशा अनेक बाजूंनी पाहणारी माणसे एकत्र आणलेली असतात. या पद्धतीला ‘आंतरविद्याशाखीय’ असे भारदस्त विशेषण लावले जाते. त्याचा अर्थ एवढाच, की एका प्रश्नावर अनेक विषयांचे जाणकार मिळून काम करतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला तपासावे लागते.

रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. एकाच रुग्णाला हृदयाचा, मूत्रपिंडाचा आणि सांध्यांचा आजार असेल, तर तीन तज्ज्ञ तीन वेगळ्या दिवशी येऊन आपापले औषध लिहून जातात. प्रत्येकाचे औषध त्याच्या परीने बरोबर असते, परंतु सांधेदुखीवरचे औषध मूत्रपिंडाला बाधत असेल तर तिघांना एकाच वेळी खाटेपाशी उभे करणारे कोणीतरी लागते. शिवाय रुग्णाची बोली समजणारा माणूसही तिथे लागतो, कारण कुठे आणि कसे दुखते हे रुग्ण आपल्याच शब्दांत सांगतो. केंद्राची ही दोन कामे आहेत. विषयवाल्यांना एका प्रदेशापाशी उभे करायचे आणि त्या प्रदेशाची भाषा जाणणारी माणसे सतत हाताशी ठेवायची.

व्यवहारात बहुतेक केंद्रांतल्या प्राध्यापकांची मूळ नेमणूक एखाद्या विभागात असते आणि केंद्रात ते जोडीचे काम करतात. केंद्राच्या स्वतःच्या नावावर अनेकदा एक संचालक, एक-दोन कर्मचारी, काही भाषाशिक्षक, ग्रंथालयातला एक जाणकार, थोड्या शिष्यवृत्त्या आणि आठवड्याचे चर्चासत्र एवढेच असते. यामुळे केंद्र चालवणे स्वस्त पडते. मात्र काटकसरीची वेळ आली की त्याच्या बाजूने मत देणारे विभागप्रमुखही नसतात.

## बालीतल्या पाण्याची गोष्ट

वर्णनापेक्षा एका प्रश्नात जरा खोल उतरलेले बरे. पुढचे काम एखाद्या केंद्राच्या नावावर जमा नाही, पण अशी केंद्रे ज्या प्रकारच्या प्रश्नांसाठी काढली जातात, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर ज्वालामुखीच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. नद्या खोल घळींतून वाहतात, त्यामुळे बंधारे बांधून, कित्येक ठिकाणी डोंगरातून बोगदे खणून, पाणी खाचरांपर्यंत आणलेले आहे. एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांच्या संघाला ‘सुबाक’ म्हणतात आणि अकराव्या शतकातल्या शिलालेखांत व ताम्रपटांत या व्यवस्थेचे उल्लेख सापडतात. प्रत्येक सुबाकाचे देवस्थान असते, बंधाऱ्याचे वेगळे देवस्थान असते आणि सर्वांच्या वर, बातूर या ज्वालामुखीच्या मुखाशी असलेल्या सरोवराचे मोठे देवस्थान असते. कोणत्या सुबाकाने लावणी केव्हा करायची आणि पाण्याची पाळी कोणाला कधी मिळायची, हे या देवस्थानांच्या बैठकांतून ठरत असे.

१९७०च्या दशकात सरकारने भाताचे उत्पादन वाढवण्यासाठी नवे वाण, खते आणि कीटकनाशके आणली आणि शेतकऱ्यांनी जमेल तितक्या वेळा पीक घ्यावे असे सांगितले. देवस्थानांचे वेळापत्रक मागे पडले. सुरुवातीला उत्पादन वाढले, परंतु काही वर्षांतच तपकिरी तुडतुड्यांचा आणि रोगांचा सुळसुळाट झाला आणि पाण्यावरून गोंधळ सुरू झाला. शेतकरी जुने वेळापत्रक परत मागू लागले. आशियाई विकास बँकेच्या पैशातून कालव्यांची कामे करणाऱ्या सल्लागारांना ही मागणी म्हणजे जुन्या रूढीचा हट्ट वाटला. या लोकांना महापुजारी नको, जलतज्ज्ञ हवा, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्यापैकी एकाने काढल्याची नोंद आहे.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी बालीची भाषा शिकून या देवस्थानांचा अभ्यास अनेक वर्षे केला होता. बैठकांत काय बोलले जाते हे त्यांना कळत होते, पण त्या बोलण्याचा तुडतुड्यांशी काय संबंध आहे हे सिद्ध करणे एकट्याला शक्य नव्हते. म्हणून परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्याबरोबर त्यांनी दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचे एक संगणकीय प्रारूप तयार केले. त्यात पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ आणि किडींची वाढ अशा सगळ्या गोष्टी घातल्या आणि वेळापत्रक बदलून पाहिले.

निष्कर्ष समजायला सोपा आहे. प्रत्येक सुबाकाने मनाला येईल तेव्हा लावणी केली, तर कुठे ना कुठे हिरवे पीक कायम उभे राहते. किडीला एका शेतातून दुसऱ्या शेतात जायला वाट मिळते आणि ती कधीच मरत नाही. उलट सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, तर कापणीनंतर सगळी खाचरे एकदम रिकामी होतात आणि किडीची उपासमार होते, परंतु मग लावणीच्या दिवसांत प्रत्येकाला एकाच वेळी पाणी हवे असते आणि नदी तेवढे देऊ शकत नाही. उत्तम उत्पादन या दोन टोकांच्या मध्ये मिळते, म्हणजे काही सुबाकांचा एक गट एकत्र लावणी करतो आणि शेजारचा गट काही आठवड्यांनी मागून करतो. प्रारूपाने दाखवलेली गटांची ही व्याप्ती प्रत्यक्षातल्या देवस्थानांच्या जाळ्याशी जवळजवळ जुळत होती. पुढे विकास बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापनातही ही गोष्ट मान्य झाली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाक व्यवस्थेचा भूप्रदेश जागतिक वारशात घेतला.

या प्रकरणात चूक कोणाची झाली, हे नीट पाहण्यासारखे आहे. पाटबंधाऱ्यांच्या अभियंत्याला पाणी कळत होते, कृषितज्ज्ञाला वाण कळत होते आणि धर्माचा अभ्यासक असता तर त्याला पूजाविधी कळले असते. प्रत्येकाचे ज्ञान खरे होते. देवस्थान हे एकाच वेळी पूजास्थान आणि पाणीवाटपाचे कार्यालय आहे, ही गोष्ट मात्र कोणत्याही एका विषयाच्या खिडकीतून दिसत नव्हती.

## ही केंद्रे आली कुठून?

या केंद्रांचा इतिहास साम्राज्य आणि युद्ध यांच्याशी जोडलेला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. लंडनमधील प्राच्यविद्या शाळेला १९१६ मध्ये सनद मिळाली. आज ‘सोआस’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था ब्रिटिश साम्राज्याचे अधिकारी आणि व्यापारी तयार करण्याच्या गरजेतून निघाली. तिच्या नावात आफ्रिकेची भर १९३८ मध्ये पडली.

त्यानंतरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. जपान युद्धात उतरल्यावर ब्रिटनच्या लक्षात आले, की जपानी जाणणारी माणसे देशात जेमतेम आहेत. तेव्हा १९४२ मध्ये शाळांतून सतरा-अठरा वर्षांची हुशार मुले निवडून त्यांना डलिच कॉलेजच्या वसतिगृहात ठेवले आणि या लंडनच्या संस्थेत जपानी, चिनी, तुर्की व फारसी शिकवायला सुरुवात केली. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच. त्या मुलांपैकी रोनाल्ड डोर हे पुढे जपानी समाजाचे नामवंत अभ्यासक झाले. दुसरे पीटर पार्कर ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख झाले, आणि १९८६ मध्ये सरकारसाठी आशियाई व आफ्रिकी भाषांच्या गरजेवर अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच आले. चव्वेचाळीस वर्षांनी देश पुन्हा तोच प्रश्न विचारत होता.

युद्धानंतर अमेरिकेने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. कोलंबिया विद्यापीठात १९४६ मध्ये आणि हार्वर्डमध्ये १९४८ मध्ये रशियाच्या अभ्यासाची केंद्रे निघाली. हार्वर्डच्या केंद्राचे पहिले संचालक क्लाइड क्लकहॉन हे मानवशास्त्रज्ञ होते आणि त्यांचे आधीचे काम रशियावर नव्हे, तर अमेरिकेतल्या नाव्हाहो लोकांवर होते. अनेक विषयांना एकत्र बसवू शकणारा माणूस हवा, या विचाराने ही निवड झाली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि पुढच्या सप्टेंबरात अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. विज्ञान आणि गणिताबरोबरच परकीय भाषा व प्रदेश यांच्या केंद्रांनाही त्यातून पैसा मिळू लागला. २०२५ मध्ये थांबलेले अनुदान याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून सुरू झाले होते.

इतर देशांनी हे रोप आपापल्या मातीत लावले. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या आग्नेय आशिया केंद्राने पहिल्यापासून शेती आणि परिसराच्या अभ्यासकांना समाजशास्त्रज्ञांच्या शेजारी बसवले. भारतात १९५५ मध्ये निघालेली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा भाग झाली आणि तिच्यात प्रदेशवार केंद्रे वाढली.

याच काळात ब्रिटनमध्ये याला समांतर असा दुसरा प्रवाह निघाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये समकालीन संस्कृती अभ्यास केंद्र काढले आणि पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते नावारूपाला आणले. दूरच्या देशाऐवजी आपल्याच समाजातली दूरचित्रवाणी, तरुणांची वेशभूषा, वृत्तपत्रांतली गुन्ह्यांची वर्णने यांचा अभ्यास तिथे साहित्य, समाजशास्त्र आणि राजकारण यांच्या एकत्रित नजरेने होत असे. या केंद्रातून पुढे झालेला विभाग विद्यापीठाने २००२ मध्ये बंद केला, तोपर्यंत संस्कृती-अभ्यास हा विषय जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला होता.

## भाषा आणि ग्रंथालय

केंद्राचा सर्वात कमी दिसणारा आणि सर्वात जास्त वेळ खाणारा भाग म्हणजे भाषा. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेचे प्रशिक्षण देणारी संस्था आपल्या अधिकाऱ्यांना अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियन कामापुरती यायला सुमारे ८८ आठवडे आणि वर्गातले २,२०० तास धरते. हे पूर्ण वेळ पगारावर शिकणाऱ्या निवडक माणसांचे प्रमाण आहे. संशोधकाला त्याहून पुढे जावे लागते, कारण त्याला जुने दस्तऐवज वाचायचे असतात, गावातली बोली समजून घ्यायची असते आणि समोरचा माणूस एखादा शब्द टाळतो आहे हेही ओळखायचे असते.

ज्या भाषेच्या वर्गात तीन-चार विद्यार्थी असतात, तिचा शिक्षक विद्यार्थ्यांच्या संख्येवर टिकू शकत नाही. त्याला टिकवण्याची जबाबदारी केंद्र घेते.

ग्रंथालयाचीही एक विलक्षण कथा आहे. अमेरिकेने १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्याखाली भारताला धान्य विकले आणि त्याची किंमत रुपयांत घेतली. हे रुपये भारतातच साठले. त्यांतला काही भाग पुस्तकांसाठी वापरायची मुभा पुढे मिळाली आणि १९६२ पासून अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे दिल्लीतले कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवू लागले. कथा, कविता, पंचांगे, सहकारी संस्थांचे अहवाल, प्रादेशिक मासिके असे सर्व काही गेले. पाठवताना त्यातले किती पुढे उपयोगी पडेल हे कोणालाच सांगता आले नसते, आणि आज त्यातले कित्येक छापील साहित्य प्रकाशित झालेल्या गावीही मिळणे कठीण आहे.

मराठी वाचकांना याचा एक अनुभव रोजचा आहे. जुन्या मराठी शब्दाचा अर्थ शोधताना आंतरजालावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश उघडतो, तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पातला आहे. कोणीतरी ती पाने एकेका शब्दासह संगणकावर चढवली आणि सर्वांना खुली ठेवली. अशी कामे एका प्राध्यापकाच्या एका शोधनिबंधातून होत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षे एकच जागा, एकच कपाट आणि त्याची काळजी घेणारा माणूस लागतो.

## पण हे सगळे हेरगिरीसाठीच नव्हते का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आधार आहे. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पैशातून ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प आखला गेला. परदेशांत बंडाळी कशी उद्भवते आणि सरकारांना ती कशी रोखता येईल, हे समाजशास्त्रज्ञांकडून शोधून घ्यायचे होते. चिलीतल्या विद्वानांना पैसा कुठून येतो आहे हे कळले, तिथल्या संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला आणि जुलै १९६५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला. त्याचे नुकसान प्रामाणिक संशोधकांनाही सोसावे लागले, कारण त्यानंतर लॅटिन अमेरिकेत त्यांच्या प्रत्येक प्रश्नावलीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

तरीही पैसा देणाऱ्याचा हेतू आणि त्या पैशातून तयार झालेल्या माणसाचे मत या दोन गोष्टी सारख्या राहिल्या नाहीत. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आशिया-अभ्यासकांनीच आपल्या सरकारच्या धोरणाविरुद्ध संघटना उभी केली. ज्याने एखाद्या देशाची भाषा शिकून तिथल्या लोकांबरोबर काही वर्षे काढली आहेत, त्याला त्या देशाबद्दलचे सोपे सरकारी वर्णन पटवणे कठीण जाते. म्हणून माझ्या मते खरी मागणी अनुदानाचा स्रोत आणि त्याच्या अटी जाहीर करण्याची आणि निष्कर्ष खुलेपणाने छापण्याची असायला हवी.

## परक्यांनी दुसऱ्यांचा अभ्यास का करावा?

याचे सर्वात ठाम उत्तर आफ्रिकेतून आले. घानाच्या विद्यापीठातल्या आफ्रिका अभ्यास संस्थेचे औपचारिक उद्घाटन ऑक्टोबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी केले, तेव्हा वसाहतकाळातल्या गृहीतकांपासून मुक्त होऊन आफ्रिकेला केंद्रस्थानी ठेवून अभ्यास करावा, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. संगीताचे अभ्यासक क्वाबेना न्केतिया हे तिचे पहिले आफ्रिकी संचालक झाले आणि तिथे नृत्य, ढोलवादन व मौखिक परंपरा यांना लिखित दस्तऐवजांइतकेच पुराव्याचे स्थान मिळाले.

स्वतःच्या भूमीवर केंद्र असले म्हणजे प्रश्न सुटतो, असे मात्र नाही. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठात तिथलेच प्राध्यापक महमूद ममदानी यांनी आफ्रिकेवरच्या पायाभूत अभ्यासक्रमाला हरकत घेतली. आफ्रिकी विद्वानांत चाललेले वादविवाद त्या पाठ्यक्रमात नाहीत आणि आफ्रिका म्हणजे जणू विषुववृत्ताच्या आसपासचा वेगळाच कुठलातरी भूभाग अशी त्याची मांडणी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आफ्रिकेतच बसून आफ्रिकेकडे बाहेरून पाहता येते, हे त्या वादाने दाखवले.

अभ्यासक कुठल्या देशाचा आहे, यापेक्षा तो कोणाला उत्तरदायी आहे, त्याचे लेखन त्या प्रदेशातल्या भाषेत पोहोचते का आणि तिथले विद्वान त्याला दुरुस्त करू शकतात का, हे प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात. आजची अनेक केंद्रे या कसोटीला उतरत नाहीत.

## प्रदेशाच्या रेषा आखल्या कोणी?

‘आग्नेय आशिया’ हे नाव आज आपल्याला निसर्गाने ठरवून दिल्यासारखे वाटते. हा शब्दप्रयोग सर्वत्र रुळला तो दोस्त राष्ट्रांनी १९४३ मध्ये माउंटबॅटन यांच्या हाताखाली त्या नावाचे लष्करी मुख्यालय काढल्यानंतर. ‘मध्यपूर्व’ हा शब्द १९०२ मध्ये अमेरिकी नौदलाचे रणनीतिकार आल्फ्रेड मॅहन यांच्या लेखाने प्रचलित केला. केंद्रांनी या रेषा घेतल्या आणि त्यांवर वर्ग, ग्रंथसंग्रह आणि शिष्यवृत्त्या उभ्या केल्या.

याचा तोटा २००२ मध्ये डच इतिहासकार विलेम फान स्खेंडेल यांनी नेमका दाखवला. ईशान्य भारत, तिबेट, म्यानमारचे डोंगर, नैर्ऋत्य चीन, लाओस आणि व्हिएतनामचे उंच भाग यांमध्ये भाषा, शेती आणि स्थलांतराचे दाट नाते आहे. परंतु या पट्ट्याचा एक तुकडा दक्षिण आशिया केंद्राकडे, दुसरा आग्नेय आशियाकडे, तिसरा पूर्व आशियाकडे आणि चौथा मध्य आशियाकडे जातो. सर्वांच्या नकाशाची कड असल्यामुळे तो कोणाच्याच अभ्यासाच्या मध्यभागी येत नाही. ‘डोंगराळ लोक’ या अर्थाच्या स्थानिक शब्दावरून त्यांनी या भागाला ‘झोमिया’ हे नाव दिले. म्हणजे विषयांच्या भिंती पाडायला निघालेल्या केंद्रांनी प्रदेशांच्या भिंती बांधल्या होत्या. त्यानंतर सीमाभाग, समुद्र आणि स्थलांतराचे मार्ग यांना एकक मानून अभ्यास करणारे बरेच गट निघाले. हिंद महासागराचा अभ्यास हे त्याचे एक फळ आहे.

## थोडे सगळ्यातले, म्हणजे कशातच पक्के नाही?

विभागांकडून ही तक्रार नेहमी होते आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती कधीकधी खरीही असते. इतिहासाची चार व्याख्याने, राजकारणाची चार आणि एक भाषा अर्धवट, असा अभ्यासक्रम कोणालाच तयार करत नाही. म्हणूनच अनेक चांगल्या ठिकाणी डॉक्टरेट एखाद्या विषयाच्या विभागातूनच घ्यावी लागते आणि केंद्र त्यावर प्रदेशाची व भाषेची जोड देते. बालीच्या प्रकरणातही मानवशास्त्रज्ञ पक्का मानवशास्त्रज्ञ होता आणि परिसंस्थेचा अभ्यासक आपल्या विषयात पक्का होता.

## आता यंत्र भाषांतर करते, मग माणसे कशाला?

यंत्राने वृत्तपत्राचा मजकूर क्षणात समजतो, ही सोय मोठी आहे. अडचण दोन ठिकाणी येते. ज्या भाषांचा लिखित मजकूर आंतरजालावर थोडा आहे, तिथे यंत्र अडखळते, आणि संकटे भाषा पाहून येत नाहीत. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बालीतल्या अभियंत्यांना देवस्थानासाठीच्या शब्दाचे भाषांतर बिनचूक मिळाले होते. ‘देऊळ’ हा अर्थ कळल्यावर त्यांनी तो विषय धर्माच्या खात्यात टाकला आणि तिथेच त्यांची चूक झाली.

## संकटाच्या वेळी हे ज्ञान कसे कामी येते?

२०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ पसरली. तिने ११,००० हून अधिक बळी घेतले. मृतदेहापासून संसर्ग होत असल्याने सुरुवातीला संरक्षक पोशाखातली पथके मृतदेह पिशवीत बांधून घेऊन जात आणि घरच्यांना अखेरचे दर्शनही मिळत नसे. तिथल्या समाजांत मृतदेहाला स्नान घालणे आणि रीतसर मूठमाती देणे हे जिवंत नातेवाइकांचे कर्तव्य आहे. ते राहून गेले तर मृताची पुढची वाट अडते अशी श्रद्धा आहे. परिणामी लोक आजारी माणसांना लपवू लागले आणि रात्री गुपचूप दफन करू लागले. सप्टेंबरात गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. नव्या संसर्गांपैकी किमान २० टक्के दफनाच्या वेळी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्या नोव्हेंबरात सांगितले.

त्या वेळी ज्यांचा सल्ला घेतला गेला, त्यांत ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठाच्या परिसरातले मानवशास्त्रज्ञ जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच होते. त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गिनीच्या किसिदुगू भागात राहून अभ्यास केला होता, तोही जंगलाचा. गावांभोवतीचे वनखंड हे तोडून उरलेल्या जुन्या अरण्याचे अवशेष आहेत, असे सरकार आणि तज्ज्ञ मानत होते. गावकऱ्यांच्या आठवणी आणि १९५२ ची हवाई छायाचित्रे ताडून पाहिल्यावर त्यांना आढळले, की ती झाडी गावकऱ्यांनीच पिढ्यान्पिढ्या वाढवलेली आहे. हे करताना ते किसी लोकांची कुटुंबव्यवस्था, जमिनीशी नाते आणि मृत्यूविषयीचे संकेत शिकले. वीस वर्षांनी साथीची सुरुवात शेजारच्या किसीभाषक भागातच झाली. जंगलाच्या अभ्यासाला पैसे देणाऱ्या कोणाच्याही मनात इबोला नव्हता.

सिएरा लिओनमधल्या न्जाला विद्यापीठातले आणि ब्रिटनमधले मानवशास्त्रज्ञ एकत्र येऊन काही दिवसांत, कधी काही तासांत, पथकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. अनेकांच्या अशा प्रयत्नांतून नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’ अशी नवी कार्यपद्धती आली. घरच्यांनी अंतरावरून पाहावे, प्रार्थना म्हणावी, मृताच्या आवडीचे वस्त्र पथकाकरवी आत ठेवावे आणि थडग्यावर नावाची खूण असावी, असे तिचे स्वरूप होते. जंतुनाशकात काहीच फरक पडला नव्हता.

## केंद्र बंद होते म्हणजे काय होते?

बहुतेक वेळा एका दिवशी कुलूप लागत नाही. सर्वात कमी विद्यार्थी असलेल्या भाषेचा शिक्षक निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. त्या भाषेतली नवी पुस्तके घेणे थांबते, कारण ती वाचून निवडणारा ग्रंथपाल दुसऱ्या कामावर गेलेला असतो. क्षेत्रात जाऊन राहण्याची शिष्यवृत्ती आधी एका वर्षापुरती येते, मग एका उन्हाळ्यापुरती. प्राध्यापक आपापल्या विभागांत परततात आणि आठवड्याच्या चर्चासत्राची खोली दुसऱ्या कोणाला मिळते. त्या वर्षीच्या ताळेबंदात बचत दिसते. पुन्हा सुरू करायचे ठरवले, तरी भाषा शिकवणारा तयार करायला आधी भाषा शिकवणारा लागतो.

म्हणून अशी बातमी पुढच्या वेळी वाचनात आली, तर केंद्राचे नाव आणि रक्कम यांपलीकडे काही गोष्टी बातमीत शोधाव्यात. कोणत्या भाषांचे वर्ग थांबले आणि त्या भाषा त्या देशात आणखी कुठे शिकवल्या जातात. ग्रंथसंग्रह आणि ध्वनिमुद्रणे कोणाच्या ताब्यात गेली आणि ती इतरांना पाहता येतील का. अर्ध्यावर असलेल्या संशोधक विद्यार्थ्यांचे काय ठरले. आणि ज्या प्रदेशाच्या नावाने ते केंद्र चालत होते, तिथल्या विद्यापीठांशी झालेले करार चालू राहिले की नाही.